पाय माझा, दोर माझा

आजारातून उठलेली माणसं लिहायला बसली की देवाचे, डॉक्टरांचे आणि बायकोचे आभार मानतात. मीही मानणार आहे, पण शेवटी, जागा उरली तर. मला उठवलं ते रागाने. माझा चुलतभाऊ दामू, त्याच्यावरच्या रागाने. गोळ्या बायकोने दिल्या, तार डॉक्टरांनी घातली, हे खरंच आहे. पण रोज सकाळी अंथरुणातून पाय खाली टेकवायला लावला तो दामूने. हे ऐकलं की त्याचं तोंड कडू होतं. म्हणून मी ते सगळ्यांना सांगत असतो, आणि आता लिहूनही ठेवतो.

चालता चालता ज्यांची पोटरी दगडासारखी होते, आणि घडीभर थांबलं की पुन्हा जशीच्या तशी होते, त्यांनी हे जरूर वाचावं. तुमच्यापाशी राग नसेल तर माझ्यातला थोडा घेऊन जा. माझ्याकडे भरपूर आहे.

पाण्याचा पाय

आमचं गाव कोंढ्याच्या अलीकडे, आणि गावापेक्षा तलावच मोठा. मालगुजारीच्या काळातला, माजी मालगुजारी म्हणून मामा तलाव. आमच्या घरची माणसं पिढ्यान्पिढ्या त्यात भिजलेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की महाजाल लागतं. दोन्ही टोकांना दोर, मध्ये जाळं, आणि ओढायला अर्धं गाव. पहिला दोर ज्याच्या खांद्यावर, तो पाळीवरून, म्हणजे बांधावरून, सगळा तलाव चालत जातो. "ओढा" म्हणायचं त्यानेच. बाकीचे त्याच्या आवाजावर. हा दोर माझ्या बापाकडे होता, बापानंतर माझ्याकडे आला. नियम एकच आहे: पहिल्या दोरवाल्याने मध्ये बसायचं नाही. बसला, तर दोर दुसऱ्याच्या खांद्यावर.

मी बारावीपर्यंत शिकलेला, लग्नाकार्यात गोष्टी सांगून लोकांना पंगतीत अडकवून ठेवणारा, वजनाने भारदस्त माणूस. गावात मला मान आहे असं मी समजतो. खरा मान त्या दोराला होता हे मला फार उशिरा कळलं.

डावी पोटरी दुखायला लागली तेव्हा कोणीच मनावर घेतलं नाही, मीसुद्धा. आमच्याकडे पाय दुखला की सगळे म्हणतात, पाण्याचा पाय आहे. थंड पाण्यात उभं राहून राहून हाडात पाणी शिरतं, अशी आमची समजूत. त्यावर मोहाचं तेल लावायचं आणि विस्तवाशी पाय शेकायचा. मीही शेकला. पाय गार होता म्हणून जास्तच शेकला.

पण माझा खरा उपाय वेगळा होता. पाळीवर एक पळसाचं झाड आहे. तिथवर पोहोचलो की पोटरीत गोळा यायचा. मग मी झाडाखाली बसायचो, पाण्याकडे बघत एक बिडी पेटवायचो. बिडी संपेपर्यंत दुखणं गेलेलं असायचं. पुन्हा चालायचं, पुन्हा दुखायचं, पुन्हा बिडी, पुन्हा आराम. एवढा गुणकारी उपाय मला कोणत्याही डॉक्टरने दिला नसता. मी तो इतरांनाही सांगितला. दामूलाही.

बिडीची ददात नव्हती. माझी बायको कांता बिड्या वळते. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. टीव्ही बघत बघत तिची बोटं चालतात. कारखान्याचा माणूस माल पाहून वाकड्यातिकड्या बिड्या बाजूला काढतो. त्या घरी परत येतात. लक्ष्मीच्या हातचं वाया कसं घालवायचं? मी घालवलं नाही. एकही घालवली नाही.

आवाज नाही

पावसाळ्यानंतर मासे काढताना शिंगीचा काटा डाव्या अंगठ्यात गेला. असे काटे आम्हाला आयुष्यभर लागतात. दोन दिवस ठणकतं आणि विसरायला होतं. हा विसरू देईना. दिवाळी गेली, मंडईच्या जत्रेचे पाहुणे येऊन गेले, तरी जखम तशीच. कडा काळ्या पडल्या. कांताने एक दिवस पायमोजा काढून वास घेतला आणि काही न बोलता भंडाऱ्याला जायची पिशवी भरली.

"काहून, कुठी चालली?" मी विचारलं.

"तुमाले घेऊन चालली. उठा."

डॉक्टरबाई माझ्या मुलीच्या वयाची. तिने माझ्या घोट्यावर, पावलावर बोटं ठेवून बराच वेळ काहीतरी शोधलं. मला वाटलं, गुदगुल्या होतात का ते बघते. मग एक लहानसं यंत्र काढलं. ते दंडाला लावलं तर आतून फुसफुस आवाज यायला लागला, जोरात आणि तालात. मी खूश झालो. मग तेच डाव्या पावलाला लावलं. तिने जागा बदलली, पुन्हा लावलं. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता.

कांताने माझ्याकडे पाहिलं. माझ्या अंगाचा एक तुकडा गप्प बसला आहे हे तिलाही कळलं.

"काका, पायाच्या रक्तवाहिन्या अडल्या आहेत," डॉक्टरबाई म्हणाली. "रक्त खाली पोहोचत नाही, म्हणून जखम भरत नाही. छातीत कधी दुखतं? दम लागतो? बीपी कधी मोजलं होतं? साखर?"

मी म्हणालो, "मॅडम, छाती मस्त आहे. पाय पाहा."

"पाय बघितला, म्हणूनच छातीचं विचारते. पायाच्या नळ्या अशा झाल्या असतील तर हृदयाच्या आणि मेंदूच्या नळ्यांचं काय झालं असेल? रक्त एकच आहे ना काका? पायाच्या रोग्याला पाय घालवण्याआधी हृदयच दगा देतं, असं खूपदा होतं."

मला राग आला. मी एक अंगठा घेऊन आलो होतो आणि ही बाई मला आख्खा आजारी करत होती.

"बिड्या किती?"

मी तोंड उघडायच्या आत कांता बोलली, "मोजत नाई जी. मीच वळतो, ते ओढतात."

"कशाला ओढता, काका?"

"पाय दुखला की ओढतो," मी समजावून सांगितलं. "बसून एक बिडी ओढली की आराम पडते. तुमीबी पेशंटाईले सांगून पाहा."

तिने पेन खाली ठेवलं. हसली नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. म्हणाली, "आराम बिडीने नाही पडत. बसल्याने पडतो. बिडीमुळे तर दुखतं."

एवढंच. इतकी वर्षं मी ज्याला वैद्य समजून तोंडाशी धरत होतो, तोच माझा पाय खात होता. आणि प्रत्येक घासानंतर मी त्याचे आभार मानत होतो. भीती नंतर वाटली. तेव्हा आधी वाटला तो अपमान.

केळी

नागपूरच्या दवाखान्यात मांडीच्या मुळाशी टोचून आत तार घातली आणि फुगा फुगवून वाट मोकळी केली. अंगठा राहील की जाईल, आणि अंगठा गेला तर गोष्ट तेवढ्यावर थांबेल की वर चढेल, हे काही दिवस कोणी नक्की सांगेना. वॉर्डातला दिवस ठरलेला. सकाळी बीपी, बोटाला सुई, मीठ नसलेलं वरण, ड्रेसिंग. ड्रेसिंगच्या वेळी मी छताकडे बघून गोष्ट सांगायला लागायचो, म्हणजे ओरडणं गोष्टीत मिसळून जायचं. शेजारच्या खाटांवरचे म्हणायचे, भाऊ, काल राक्षसापाशी थांबली होती.

घरून एकेक जण भेटायला यायचा, आणि येताना नेमकं मला मना केलेलं काहीतरी घेऊन यायचा. कोणी चिवडा, कोणी लोणचं, आत्याने तर पेढे आणले. साखर वाढलेली, बीपी वाढलेलं, रक्तातली चरबी वाढलेली. नातेवाइकांचं प्रेम तेवढं त्याच्या बरोबरीने वाढत होतं.

दामू केळी घेऊन आला. तो माझ्याहून सहा महिन्यांनी मोठा आहे आणि ते सहा महिने जन्मभर वसूल करत आला आहे. खाटेशी बसला, पांघरूण उचलून माझा पाय असा पाहिला, जशी बाजारात पहाटे कोणाची मासळी पाहावी. मग एक केळं सोललं, स्वतःच खाल्लं.

"शालिक," तो म्हणाला, "तुहा पाय तं गेला समज. दोर मले दे."

मला वाटलं, गंमत करतो. त्याच्या तोंडाकडे पाहिलं. गंमत नव्हती.

"सारे म्हनून राहिले," तो म्हणाला. "औंदाचा उन्हाळा कोनी पाहिला? तू आपल्या तोंडानं देऊन टाकला तं बरं दिसते."

कांता उभी राहिली. "दामूभाऊजी, केळी खाऊन झाली असन तं बस भेटन तुमाले."

तो गेला. मी भिंतीकडे तोंड करून पडलो. त्या दिवसापर्यंत मी देवाला म्हणत होतो, अंगठा वाचव. त्या दिवसापासून म्हणायला लागलो, उन्हाळ्यापर्यंत तलावाला फेरी मारता येऊ दे, आणि फेरी मारताना दामू बघत असू दे. देवाला मागण्या नेमक्या सांगाव्यात.

ड्रेसिंग दुखलं की मी आता राक्षसाची गोष्ट सांगत नव्हतो. दामू चिखलात कसा घसरतो, त्याच्या धोतरात खेकडा कसा शिरतो, पहिल्या दोराने त्याला सगळ्या गावादेखत कसं ओढत नेलं, हे मनातल्या मनात रंगवायचो. फार आराम पडायचा. अंगावर काही दुष्परिणामही नाही.

एका सकाळी कांताने माझ्या पावलाला हात लावला. लावूनच ठेवला. "गरम आहे," ती म्हणाली, आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. जखमेची कड गुलाबी व्हायला लागली होती. वळली तेव्हा म्हणाली, "ते केळी सडून राहिली. फेकून देऊ का?"

वैरी मांडीवर

घरी आलो आणि खरी पंचाईत सुरू झाली. बिडी सोडायची, आणि घरात सूपभर तंबाखू. माझा वैरी माझ्याच बायकोच्या मांडीवर बसलेला. वास आला की तोंडाला पाणी सुटायचं. मग मी भांडण काढायचो. भाजी अळणी, चहा फिका, टीव्हीचा आवाज मोठा. एका दुपारी म्हणालो, "तुले दुसरा धंदा नाई भेटला?"

कांताची बोटं थांबली. "माह्या हातानं तुमचा पाय खाल्ला, असं म्हना ना सरळ."

मी तसं म्हणालो नव्हतो. पण खोटं बोललं तर तिला लगेच कळतं, म्हणून गप्प राहिलो. ती उठली, सूप उचललं आणि जावेच्या, म्हणजे दामूच्या बायकोच्या, ओसरीवर जाऊन बसली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी परत आलेल्या वाकड्या बिड्यांचा पुडा माझ्यासमोर बादलीत बुडवला, काठीने घोटला आणि तो काळा गाळ उकिरड्यात ओतून आली. त्यानंतर ती बिड्या जावेच्याच ओसरीवर वळते. त्यावरच आमचं घर चालत होतं, त्यामुळे ती सोडेल असं मी म्हणालो नाही, आणि तिनेही मला ते म्हणायची वेळ आणली नाही.

दुसरी लढाई गोळ्यांची. रक्त पातळ करायची एक, बीपीची एक, साखरेची, आणि जेवणानंतरची ती चरबीची. पाय गरम झाला तशी मी ती शेवटची बंद केली. ती छातीसाठी होती, आणि छाती माझी मस्त होती. पाकिटातली संख्या कमी होत नाही हे कांताच्या लक्षात आलं, आणि पुढच्या तपासणीला तिने डॉक्टरबाईसमोर ते पाकीटच टेबलावर ठेवलं. दोराचं सगळं रामायणही सांगून टाकलं.

डॉक्टरबाईने मला नळ्या, थर, गाठी असलं काही सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "काका, पाय वाचला. पण उद्या हार्ट अटॅक आला, तर दोर कोणाकडे जाईल?"

त्या दिवसापासून एक गोळी चुकलेली नाही.

पाळीवर

चालायचं, दुखेपर्यंत चालायचं, दुखलं की थांबायचं, थांबलं की पुन्हा चालायचं. औषध म्हणून चालणं हे माझ्या जिवावर आलं. माझ्याच पाळीवर, माझ्याच पळसापाशी मी उभा राहून ओठ चावायचो. बसायचं नाही असं मी ठरवलं होतं. डॉक्टरबाईने बसायला मनाई केली नव्हती. ती दोराची मनाई होती.

आणि दामू रोज तिथे हजर. दात घासायच्या निमित्ताने, म्हैस धुवायच्या निमित्ताने. कानावर बिडी.

"काहून बे, आज पळसापर्यंतच? काल तं पुढं गेल्ता."

"तू आपली म्हैस धू."

"म्हैस धुऊन झाली. ते चालते तुह्यापेक्षा जोरानं."

मी त्याला उत्तर द्यायला वळलो नाही, कारण वळलो असतो तर थांबलो असतो. पळस मागे पडला. काही आठवड्यांनी तलावाचा पाणी सोडायचा दरवाजा मागे पडला. मग महादेवाचं देऊळ. पोटरी शिव्या देत होती, मी दामूला देत होतो, आणि आम्ही दोघं मिळून पुढे सरकत होतो. मीठ गेलं, सुकी मासळी गेली, पोटाचा घेर गेला. कांता म्हणाली, लग्नातल्यासारखे दिसून राहिले. मी आरशात पाहिलं. तसं काही नव्हतं, पण मी वाद घातला नाही.

होळीच्या सुमारास मी सगळी फेरी न बसता पुरी केली. दामू त्या दिवशी तिथे नव्हता. मला इतका संताप आला की मी दुसऱ्या दिवशी पुन्हा केली.

महाजाल

त्या सकाळी गाव पाळीवर जमलं तेव्हा दोर आधीच दामूच्या खांद्यावर होता. कोणी दिला, मी विचारलं नाही. मी डॉक्टरबाईला विचारून आलो होतो. तिने सांगितलं होतं, चाला, पण पाण्यात उभं राहून जोर लावू नका आणि छातीत काही वाटलं तर जिथे असाल तिथे थांबा. मी दामूच्या मागे चालायला लागलो. हात मोकळे. तोंड बंद. सगळे बघत होते.

पळसापर्यंत तो जोरात गेला. पळसाच्या पुढे त्याचं पाऊल आखडलं. मग तो थांबला आणि पाण्याकडे बघायला लागला, जणू पाण्यात काहीतरी आहे. पाण्यात काहीच नव्हतं. तिथे पाण्याकडे बघायचा मान माझा होता, ते मीच शोधून काढलेलं सोंग. मी त्याच्या पोटरीकडे पाहिलं. तो एका पायावर भार देऊन उभा होता.

मग तो झाडाखाली बसला. दोर खांद्यावर, आणि बसला. कानावरची बिडी काढली.

 जाळं पाण्यात थांबलं.

"पाय भरला जरासा," दामू कोणाकडेही न बघता म्हणाला. "बिडी ओढली का मोकळा होते."

हाच तो क्षण. नागपूरच्या खाटेवर मी हा क्षण किती वेळा रंगवला होता. फक्त खेकडा कमी होता. मी पुढे गेलो, त्याच्या खांद्यावरचा दोर उचलून माझ्या खांद्यावर घेतला आणि म्हणालो, "ओढा."

गाव ओढायला लागलं. मी उरलेला तलाव चाललो. महादेवाच्या देवळापाशी पोटरी पेटली, तिथे मी उभा राहिलो, जाळंही उभं राहिलं, पण मी बसलो नाही. मग पुन्हा "ओढा" म्हणालो. जाळं काठाला लागलं तेव्हा रोहू चांदीसारखे उसळत होते आणि मला ते दिसत नव्हते. मी मागे वळून पळसाकडे बघत होतो. दामू अजून तिथेच बसला होता. दुसरी बिडी पेटवत होता.

माझ्यापुढे दोन वाटा होत्या. एक, गप्प बसायचं. उपाय मीच त्याला शिकवला होता. त्याने तो मनोभावे चालू ठेवावा. गप्प बसणं किती सोपं होतं, आणि किती गोड लागलं असतं, हे मी लपवत नाही. मासळीची वाटणी होईपर्यंत मी ते गोड तोंडात घोळवलं.

मग पळसापाशी गेलो. "दामू, उद्या भंडाऱ्याले चाल."

"कायले? पान्याचा पाय आहे माहा."

"उद्या सकाळची बस. नाई आला तं साऱ्या गावाले सांगीन का दामू भेला."

तो आला. डॉक्टरबाईने त्याच्या पावलावर बोटं ठेवली, यंत्र लावलं, आणि छातीचं विचारलं.

"छाती मस्त आहे, मॅडम," दामू म्हणाला. "पाय पाहा."

डॉक्टरबाईने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

सूड

त्याच्या छातीच्या पट्टीत, म्हणजे ईसीजीत, खोट निघाली. नागपूरला नेलं, तिथे हृदयाच्या नळीत तीच तार, तोच फुगा. पाय पुढे बघू म्हणाले, आधी हे.

मी भेटायला गेलो. केळी घेतली होती. खाटेशी बसलो, एक सोललं, स्वतःच खाल्लं. कांता म्हणाली होती, असं करू नका. पण काही गोष्टी बायकोच्या सांगण्याने सुटत नाहीत.

"दामू," मी म्हणालो, "तुही छाती तं गेली समज. दोर मले दे."

त्याने उशीवरून मान उचलली. तोंड वाळलेलं, दाढी वाढलेली. मग म्हणाला, "दोर तं तुह्याचपाशी आहे ना बे."

खरंच की. इतके महिने पाठ केलेलं वाक्य, आणि मागायला काही उरलंच नव्हतं. मी केळ्याचं साल हातात धरून बसलो. खुंटीला त्याचा सदरा टांगलेला होता. खिसा फुगलेला.

"मग बिडी दे," मी म्हणालो.

"नाई देत."

"दे."

"शालिक, एवढीच तं राहिली."

"म्हनूनच दे."

 मग त्याने मान सदऱ्याकडे वळवली, आणि मी उठून खिशातला बिड्यांचा कट्टा काढून घेतला. तो कांताच्या हातचा होता. तिची गाठ मी ओळखतो.

आता आम्ही सकाळी पाळीवर दोघं असतो. तो मागे, मी पुढे. पळसापाशी त्याला गोळा येतो आणि तो उभा राहतो. मीही उभा राहतो, वळून त्याच्याकडे बघतो, आणि म्हशीबद्दल विचारतो. त्याला शिव्या द्यायच्या असतात, पण दम पुरत नाही. मग तो पुन्हा पाऊल टाकतो, निव्वळ माझं तोंड बंद करायला. त्याच्या गोळ्या कांता मोजते, मिठाचा डबा त्याच्या बायकोने लपवला आहे, आणि खिसे मी तपासतो. मी त्याला माफ केलेलं नाही. ते केळं मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि तोपर्यंत ऐकून घ्यायला तो जागेवर पाहिजे.

काल तो देवळापर्यंत आला. मला फार वाईट वाटलं. असाच चालत राहिला तर पुढच्या उन्हाळ्यात दोर मागेल.